फोटोत पाच, बुकात तीन

आपल्याकडे काही गावांत एक जुना दगड भिंतीत बसवलेला असतो. तुमच्यापैकी कोणी पाहिलाही असेल. पहिले महायुद्ध संपल्यावर इंग्रज सरकारने तो बसवला. या गावातून इतकी माणसे लढाईला गेली आणि त्यांपैकी इतकी मेली, एवढेच त्यावर कोरलेले असते. आकडे असतात, नावे बहुधा नसतात. तो कोणाचा मुलगा, कोणाचा धनी, हे दगडाला ठाऊक नाही.

आता तसे राहिले नाही. आता जवानाचे नाव, नंबर, भरती झाल्याची तारीख, सुटल्याची तारीख, त्याला मिळालेली पदके, सगळे लिहून ठेवतात. पण लिहिणारा माणूसच असतो. त्याच्या हातून एखादी ओळ राहून जाते. मग काय करायचे? आज आम्ही तुम्हांला तेच सांगणार आहोत. त्यात आमचीही एक चूक आहे. ती आधी सांगून टाकतो.

आम्ही १९८४ साली या गावच्या शाळेत मास्तर म्हणून आलो. गावात एक निवृत्त जवान होते. ते १९६३ साली भरती झाले आणि १९८० साली पेन्शनवर घरी आले. एक दिवस ते आपले डिस्चार्ज बुक घेऊन शाळेत आले. म्हणाले, "गुरुजी, इंग्रजीत हाय. सगळं बराबर लिवलंय का, तेवढं बघा."

शाळा सुटायची वेळ झाली होती. आम्ही पेन्शनचे पान वाचले, तारखा पाहिल्या आणि बुक मिटले. म्हणालो, "सगळे ठीक आहे." ते समाधानाने घरी गेले. पदकांचे पान आम्ही उघडलेच नव्हते.

ते जवान २०१६ साली वारले. त्यांच्या मंडळींना सगळा गाव आक्का म्हणतो. आक्कांनी जन्मात पाटी धरली नव्हती. सत्तरी ओलांडल्यावर त्या आमच्या रात्रीच्या वर्गात येऊ लागल्या. अक्षरांच्या आधी त्यांना आकडे आले. मराठी आकडे आले, मग मोबाईलवरचे इंग्रजी आकडेही आले. आकडे आले म्हणताच आक्का घरातले सगळे मोजू लागल्या. गॅसचे पुस्तक, विजेचे बिल, बँकेचे पासबुक, काही सोडले नाही.

एका संध्याकाळी त्या एक फोटो आणि ते जुने डिस्चार्ज बुक घेऊन आल्या. फोटो १९७५ सालचा. अंगात वर्दी, छातीवर डाव्या बाजूला रंगीत फिती. आक्का म्हणाल्या, "गुरुजी, फोटूत पाच फिती हायेत. बुकात तीनच वळी हायेत. दोन कुठं गेल्या?"

आक्कांना इंग्रजी येत नव्हते. पण ओळी मोजायला इंग्रजी कशाला लागते? आम्ही चाळीस वर्षे पोरांना शिकवले. जे आम्हांला दिसायला हवे होते, ते या बाईने बोटावर मोजून काढले. आमची मान खाली गेली.

आता पदके म्हणजे काय, ते थोडे समजून घेऊ.

पदके मुख्यतः दोन जातींची असतात. एक शौर्याचे. परमवीर चक्र, वीर चक्र, सेना मेडल ही त्यांतली नावे तुम्ही ऐकली असतील. कोणी काय पराक्रम केला हे पाहून ती देतात आणि सरकारच्या राजपत्रात नाव छापून येते. अशी पदके अर्ज करून बुकात घालता येत नाहीत. राजपत्रात नाव असेल आणि बुकात नसेल, तरच दुरुस्ती होते.

दुसरे सेवेचे. अमुक लढाईच्या वेळी अमुक भागात जो कामावर होता, त्याला ते नियमाने मिळते. १९६५ च्या लढाईच्या काळातल्या सेवेसाठी रक्षा मेडल आहे. जे प्रत्यक्ष रणभूमीवर होते, त्यांना समर सेवा स्टार आहे. १९७१ च्या लढाईसाठी संग्राम मेडल आहे. त्याच लढाईत पूर्वेकडे, म्हणजे आज जो बांगलादेश आहे त्या बाजूला जे होते, त्यांना पूर्वी स्टार. पश्चिमेच्या सरहद्दीवर जे होते, त्यांना पश्चिमी स्टार. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षे झाली तेव्हा, १९७२ साली जे नोकरीत होते, त्यांना एक मेडल. नऊ वर्षे सेवा झाली की त्याचेही एक मेडल.

आम्ही चष्मा लावला आणि बुकाचे ते पान वाचले. रक्षा मेडल होते. पंचवीस वर्षांचे होते. नऊ वर्षांचे होते. संग्राम मेडल आणि पूर्वी स्टार ही दोन नव्हती. म्हणजे १९७१ सालची लढाई त्या पानावर झालीच नव्हती!

असे कसे झाले? आक्कांना जे आठवत होते, त्यावरून उलगडा झाला. लढाई ३ डिसेंबर १९७१ ला सुरू झाली आणि १६ डिसेंबरला पूर्वेकडे पाकिस्तानी फौज शरण आली. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांच्या धन्यांना ताप भरला. त्यांना फौजेच्या इस्पितळात ठेवले. बरे झाल्यावर ते जुन्या पलटणीत गेले नाहीत, दुसरीकडे बदली झाली. पदकांचा हुकूम निघाला तो जुन्या पलटणीत. माणूस नव्या पलटणीत. मधल्या मधे ओळ राहिली. कोणी वैराने केले नाही. पण कागद कोरा तो कोराच राहिला.

गावात ही गोष्ट पसरली. चार लोक चार सल्ले देऊ लागले.

एक म्हणाला, "ते लढले, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. हातच्या कांकणाला आरसा कशाला?" आम्ही म्हणालो, "बाबा, कांकण हातात आहे तोवर आरसा नको, हे खरे. पण तो हातच आता राहिला नाही. नातवंडांनी काय पाहायचे?"

दुसरा बाजारातला. तो म्हणाला, "दोन हजार द्या. पदके मी आणून देतो." पदके बाजारात विकत मिळतात, बंधूंनो. फितीही मिळतात. पण खऱ्या पदकाच्या कडेवर जवानाचा नंबर आणि नाव कोरलेले असते. बाजारचे पदक पेटीत पडेल, सरकारी कागदावर चढणार नाही.

तिसरा आक्कांचा पुतण्या. तो म्हणाला, "अर्ज करताच आहात तर १९६५ चा समर सेवा स्टारही लिहून टाका. एवढ्या जुन्या गोष्टीचे कोण विचारतो?"

आक्का त्याच्याकडे वळल्या. म्हणाल्या, "त्या साली ते फुडं नव्हतेच. मागं डेपोत होते. त्यांनी सोताच सांगितलंय. जे त्यांनी केलं न्हाई, ते म्या कशाला मागू? त्यांचं हाय तेवढं द्या म्हनावं."

मंडळी, हे वाक्य लक्षात ठेवा. कागद दुरुस्त करायचा म्हणजे वाढवून घ्यायचा नव्हे. जेवढे खरे तेवढेच मागायचे. एक खोटी ओळ घातली की बाकीच्या खऱ्या ओळींवरही शंका येते.

मग आम्ही कामाला लागलो. कसे केले ते क्रमाने सांगतो. तुमच्या घरात कोणी फौजेतले असेल तर उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, कागद गोळा केले. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा हुकूम, धन्यांचा मृत्यूचा दाखला, आक्कांचे आधार कार्ड आणि तो फोटो. फोटो हा पुरावा म्हणून कच्चा. फीत कोणीही लावील. पक्का पुरावा कोणता? ज्यावर तारीख आणि जागा आहे तो. आक्कांच्या ट्रंकेत, लुगड्यांच्या खाली, इस्पितळाची एक जुनी चिठ्ठी निघाली. तिच्यावर डिसेंबर १९७१ ची तारीख होती आणि पूर्वेकडच्या इस्पितळाचे नाव होते. जुन्या पलटणीचे नावही होते. बावन्न वर्षे ती चिठ्ठी कोणी फेकली नाही, हे आमचे नशीब.

दुसरी गोष्ट, आम्ही जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात गेलो. माजी सैनिक आणि त्यांच्या विधवा यांच्यासाठीच ते कार्यालय आहे. तेथे कागद तपासून घेतले.

तिसरी गोष्ट, अर्ज रेकॉर्ड ऑफिसला केला. जवानाची मूळ नोंद तेथे असते. तिला शीट रोल म्हणतात. फौजेच्या प्रत्येक शाखेचे रेकॉर्ड ऑफिस वेगळे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे बेळगावला आहे. महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागर येथे आहे. तोफखान्याचे नाशिक रोडला, बॉम्बे इंजिनिअर्सचे पुण्याजवळ खडकीला, रणगाडा दलाचे अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला. आपले कोणते, ते डिस्चार्ज बुकावरून कळते.

चौथी गोष्ट, अर्ज लहान लिहिला. सैन्यातला नंबर, हुद्दा आणि नाव. नाव सैन्यात जसे लिहिले आहे तसेच, घरी हाक मारतात तसे नव्हे. पलटण कोणती. भरती केव्हा, सुटले केव्हा. कोणती दोन पदके राहिली. त्याला पुरावा काय. आणि मागणे काय, तर मूळ नोंद तपासून बुकात दुरुस्ती करावी. अर्ज आम्ही हिंदीत लिहिला. हिंदीची अक्षरे आपलीच आहेत. त्यामुळे आक्कांनी एकेक अक्षर जुळवत तो वाचला. मगच सही केली. सहीला दहा मिनिटे लागली. आम्ही घाई केली नाही. घाईचे फळ आम्ही एकदा पाहिले होते.

पाचवी गोष्ट, अस्सल कागद घरी ठेवले. झेरॉक्स पाठवल्या. टपालाची पावती आणि अर्जाची नक्कल एका पिशवीत घातली.

हा अर्ज जून २०२३ मध्ये गेला. आपल्याकडे म्हण आहेच, सरकारी काम अन् सहा महिने थांब. ऑक्टोबरात एक पत्र आले. त्यात लिहिले होते की संग्राम मेडलचा हुकूम जुन्या दप्तरात सापडला आहे, पण पूर्वी स्टारसाठी इस्पितळाच्या चिठ्ठीची साक्षांकित नक्कल पाठवा. साक्षांकित म्हणजे अधिकाऱ्याने अस्सल कागद पाहून सही-शिक्का केलेली. ती नक्कल पाठवली. पुन्हा थांबलो.

पत्र आलेच नसते तर काय केले असते? भांडण नाही आणि कोर्टही नाही. आधी एक स्मरणपत्र. त्यानंतर माहितीच्या अधिकाराचा अर्ज. हा कायदा २००५ सालचा आहे. केंद्र सरकारच्या कचेरीसाठी त्याची फी दहा रुपये आहे आणि तीस दिवसांत उत्तर देण्याचा नियम आहे. आमच्यावर ती पाळी आली नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये दुसरे पत्र आले. दोन्ही पदकांची नोंद झाली होती. पदके हाती यायला वेळ लागेल, असेही लिहिले होते. आता कोणी विचारील, याने पेन्शन किती वाढली? एक रुपयाही नाही. सेवेच्या पदकाने पेन्शन वाढत नाही. आक्कांना आम्ही हे पहिल्याच दिवशी सांगितले होते. त्या म्हणाल्या होत्या, "पैशासाठी न्हाई, गुरुजी. त्या थंडीत ते तिकडं होते आन् मी हितं पोर पोटात घिऊन दिवस मोजत होते. ते दिवस कुटंतरी लिवलेलं पायजेत."

पत्र आम्ही वाचून दाखवू लागलो तर आक्कांनी हात पुढे केला. कागद घेतला. आधी नंबरावरून बोट फिरवले. एकेक आकडा बुकातल्या नंबराशी ताडून पाहिला. मग पदकांच्या ओळींवरून बोट खाली नेले आणि मोठ्याने मोजले. एक, दोन, तीन, चार, पाच.

मोजून झाल्यावर कागद आमच्यापुढे धरला. म्हणाल्या, "गुरुजी, आता तुमीबी येकदा मोजा."

आम्ही मोजले. पाचच होती. चाळीस वर्षांपूर्वी एवढेच करायचे होते.

बंधूंनो आणि भगिनींनो, प्रत्येकाच्या घरात फौजेचे बुक नसेल. पण सातबारा आहे, रेशनकार्ड आहे, पोराचा शाळेचा दाखला आहे. आज घरी गेल्यावर ट्रंक उघडा. आपला कागद हातात घ्या. सगळा वाचता आला नाही तरी नाव वाचा, आकडे वाचा, ओळी मोजा. दुसरा "ठीक आहे" म्हणाला म्हणून मिटून ठेवू नका, मग तो दुसरा मास्तर का असेना. कमी असेल तर मागा. जास्त असेल तर तेही सांगा. आणि ज्या घरात १९७१ चा जवान अजून आहे, तेथे हे काम उद्यावर टाकू नका. त्या लढाईतली माणसे आता सत्तरीच्या पुढे गेली आहेत. त्यांच्या शेजारी बसा, बुक उघडा आणि विचारा, "आबा, तुम्ही तेव्हा कुठे होता?" ते सांगतील. तुम्ही लिहून घ्या. आता तुम्हांला लिहिता येते.