रात्रीपुरतं छप्पर



आमच्या गटातल्या एका काकूंच्या घरधन्याला खर्ऱ्यापायी तोंडात गाठ झाली. भंडाऱ्याहून नागपूर, नागपूरहून मुंबई. गटाचं कर्ज घेऊन दोघं निघाले. तपासणी झाली, पुढची तारीख चार दिवसांनंतरची मिळाली. लॉजचं भाडं परवडेना. दोन रात्री फूटपाथवर काढल्या. पिशवी डोक्याखाली, फाईल पोटाशी. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या पेशंटच्या बायकोनं एका धर्मशाळेचा पत्ता सांगितला, तेव्हा कुठे पाठ टेकली.

परत आल्यावर काकू म्हणाल्या, "घर हाय न माह्यं गावात. पण तिथं त मी बिनघराचीच होती."

कर्जाचा ठराव आम्ही एका बैठकीत केला होता. पण राहणार कुठे, हे कोणीच विचारलं नाही. मीसुद्धा नाही. म्हणून आज निवाऱ्याबद्दल बोलते.

आपल्या विदर्भातल्याच एका माणसानं हे दुःख फार आधी ओळखलं. गाडगेबाबांचा जन्म 1876 साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. हातात खराटा, अंगावर चिंध्या. कीर्तनातून लोकांनी दिलेल्या पैशातून त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपुरात अस्पृश्य म्हणून ज्या वारकऱ्यांना कोणी थारा देत नसे, त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा बांधली. पुढे ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. स्वतः बाबा मात्र झोपडीत राहिले. मुंबईत दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे. कॅन्सरच्या उपचारासाठी आलेले गरीब पेशंट आणि त्यांचे नातेवाईक तिथे राहतात.

धर्मशाळा दानातून उभी राहिली. आज निवारा हा हक्कही झाला आहे. दिल्लीत ऐन थंडीत बेघरांचा एक तात्पुरता निवारा हटवला गेला. 2010 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं त्याची दखल घेतली आणि शहरांना निवारे उभारायला सांगितलं. 2013 पासून राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहरी बेघरांसाठी निवाऱ्याची योजना आली. एक लाख वस्तीमागे शंभर माणसांची सोय, बारा महिने, दिवसरात्र, असा तिचा नियम होता. नागपूर महानगरपालिकेचेही असे निवारे आहेत.

चांगल्या निवाऱ्यात काय असतं? अंथरूण-पांघरूण, पिण्याचं पाणी, संडास-बाथरूम, दिवे, प्रथमोपचाराची पेटी, सामान ठेवायला जागा. बायांसाठी वेगळी सोय. पण खरं काम सकाळी सुरू होतं. आधार कार्ड नसेल तर ते काढून देणं, रेशन, निराधार पेन्शन, मुलाची शाळा, दवाखाना यांच्याशी जोडून देणं. कारण कागद नसला की माणूस सरकारच्या वहीत नसतोच. आणि बायांनो, हे निवारे चालवायला संस्थांसोबत बचत गटांनाही देता येतात, असं त्या योजनेत म्हटलं होतं. म्हणजे हे काम आपल्या आवाक्याबाहेरचं नाही.

2011 च्या जनगणनेत देशात 17 लाखांहून जास्त माणसं बेघर मोजली गेली. त्यातली कितीतरी कुठल्या तरी गावातून निघालेली. रोवणी झाली की आपल्याकडचीही माणसं बांधकामावर जातात. कोणी दवाखान्यासाठी जातं. एखादीला नवरा रात्री घराबाहेर काढतो.

म्हणून तीन गोष्टी करा. गटातलं कोणी उपचाराला मोठ्या शहरात निघालं, तर कर्जाच्या ठरावाआधी राहण्याचं विचारा. मोठ्या सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक असतात, त्यांना धर्मशाळेबद्दल विचारायला सांगा आणि आधार, रेशन कार्डाच्या झेरॉक्स सोबत द्या. दुसरं, 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर गटाच्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहा. तिसरं, ग्रामपंचायतीत जाऊन घराच्या नमुना 8 वर आपलं नाव आहे का, ते बघा. नसेल तर नवऱ्यासोबत लावून घ्या.

आमच्या रजिस्टरमध्ये आता कर्जाच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखला आहे: मुक्काम कुठे? तो काकूंनीच आखला. त्या म्हणाल्या, पैसा मागाहून पाठवता येते, रात्र नाही पाठवता येत.