जळलेला भाग नेहमी दोषी नसतो



बीबीसी मायक्रो हा ब्रिटिश संगणक चालू केला की दोन सूर ऐकू येतात. पहिला खर्जातला, जरा लांबट. त्याच्या पाठोपाठ दुसरा, आखूड आणि वरच्या पट्टीतला. पुष्कळांना वाटतं, ही कंपनीनं ठेवलेली स्वागताची धून आहे. तसं नाही. या संगणकातली ध्वनीची आयसी वीज मिळताच आपली आपण वाजू लागते. मग प्रोसेसर जागा होतो, रॉममधला प्रोग्रॅम चालवायला घेतो, तिला गप्प करतो आणि सगळं जाग्यावर आहे असं दिसल्यावर स्वतःहून दुसरा सूर वाजवतो. म्हणून पहिला सूर थांबायचं नाव घेत नसेल, तर पडद्याकडे न बघताही एक गोष्ट कळते: वीज पोचली आहे, पण प्रोसेसर अजून कामाला लागलेला नाही. सूरच नसेल, तर शोध वीजपुरवठ्यापासून सुरू करायचा.

जुने घरगुती संगणक दुरुस्त करताना मला ही गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. बिघाड झाला तरी ते काही ना काही सांगत असतात. आवाजातून सांगतात, पडद्यावरच्या रेघांतून सांगतात, हाताला लागणाऱ्या उष्णतेतून सांगतात. ते समजून न घेता डाग काढून भाग बदलत सुटणं, यानं जितकी यंत्रं कायमची गेली तितकी मूळ बिघाडानंसुद्धा गेली नसतील, असं माझं ठाम मत आहे.

बीबीसी मायक्रो १९८१ सालचा, अ‍ॅकॉर्न कंपनीचा. सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम १९८२ चा. दोन्ही केंब्रिजचे. आपल्याकडेही हे दोघे आले. १९८४ साली शाळांमध्ये संगणक शिकवण्यासाठी ‘क्लास’ नावाचा सरकारी प्रकल्प सुरू झाला, त्यात बीबीसी मायक्रो होते. पुढे डेसिबेल्स या कंपनीनं स्पेक्ट्रम प्लस परवान्यानं भारतात विकला. त्यामुळे एखाद्या शाळेच्या अडगळीच्या खोलीत किंवा घराच्या माळ्यावर यातलं काही अजून पडलेलं असू शकतं.

असं यंत्र खाली काढलं की पहिला मोह होतो तो प्लग लावून बघण्याचा. तो आवरा. बीबीसी मायक्रोच्या पॉवर सप्लायमध्ये मेन लाइनच्या फिल्टरसाठी रिफा बनावटीचे कागदी कपॅसिटर असतात. त्यांचं पिवळसर पारदर्शक आवरण वर्षानुवर्षांत तडकतं आणि तडकलेल्या जागेतून हवेतला ओलावा आत शिरतो. मुंबई-कोकणच्या हवेत तर हे व्हायला काहीच अडचण नाही. मग संगणक चालू केला की काही मिनिटं सुरळीत जातात आणि एकदम दाट, घशाला झोंबणारा धूर येतो. गंमत नव्हे, खोलीत थांबवत नाही. संगणक मात्र बहुधा शाबूत असतो. आधीच ते कपॅसिटर काढून त्याच मूल्याचे, एक्स-२ वर्गाचे नवे बसवले की हा प्रश्न मिटतो. पण त्या डब्यात २३० व्होल्ट खेळत असतात आणि प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये काही काळ भार राहतो. ज्याला मेन लाइनवर काम करायची सवय नाही, त्यानं तो डबा जाणत्या माणसाकडेच द्यावा.

स्पेक्ट्रमची तऱ्हा वेगळी. त्याला बाहेरून ९ व्होल्टचा अडॅप्टर लागतो आणि त्याच्या पिनचा मधला भाग ऋण असतो. आज दुकानात मिळणाऱ्या बहुतेक अडॅप्टरांत तो धन असतो. पिन बसते, पण ध्रुव उलटे लागतात आणि नुकसान होतं. मीटर लावून खात्री केल्याशिवाय कुठलाही अडॅप्टर खुपसू नये.

आता स्पेक्ट्रमच्या पोटातल्या एका बिघाडाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण दुरुस्तीची सगळी विद्या त्यात आहे.

या संगणकाच्या खालच्या १६ के स्मृतीत ४११६ क्रमांकाच्या आठ आयसी असतात. त्यांना एका व्होल्टेजवर भागत नाही, तीन लागतात: अधिक ५, अधिक १२ आणि उणे ५. त्यासाठी बोर्डावर एक छोटा परिपथ आहे. त्यात एक कॉइल आणि टीआर-४ नावाचा ट्रान्झिस्टर. स्पेक्ट्रम मेला की हा टीआर-४ बऱ्याचदा जळलेला सापडतो. हौशी माणूस तो बदलतो, वीज देतो आणि नवाही जातो. कारण टीआर-४ हा परिणाम आहे. मूळ कारण दुसरीकडे असतं. आठांपैकी एखादी ४११६ आतून शॉर्ट झालेली असते, ती १२ व्होल्टची लाइन जमिनीकडे ओढते आणि तो ताण ट्रान्झिस्टरवर येतो. याच्या उलटही होतं. उणे ५ व्होल्ट आधी नाहीसे झाले आणि १२ व्होल्ट चालूच राहिले, तर धडधाकट आयसी एकामागून एक मरतात. म्हणजे कोण कोणाला घेऊन गेलं, हे आधी शोधायचं. वीज बंद ठेवून मीटरनं आयसीच्या ८ नंबरच्या पायावर, म्हणजे १२ व्होल्टच्या लाइनवर, जमिनीशी शॉर्ट आहे का ते बघायचं. तो निस्तरल्यावरच टीआर-४ ला हात लावायचा. आणि हो, मागच्या पट्टीवर जोडायची उपकरणं वीज चालू असताना कधीही लावू-काढू नयेत. हा ट्रान्झिस्टर जाण्याचं तेही एक नेहमीचं निमित्त आहे.

व्होल्टेज नीट असलं तर पुढचं पडद्यावर दिसतं. चालू होताना स्पेक्ट्रम स्वतःच आपली स्मृती तपासतो. प्रत्येक खणात २ हा आकडा भरतो, म्हणून क्षणभर काळ्या पडद्यावर लाल उभ्या रेघा उमटतात. मग तो खालून वर जात प्रत्येक आकडा बरोबर आहे का ते बघतो, आणि जिथे चुकीचा निघेल तिथे आपली स्मृती संपली असं धरून चालतो. पडदा पांढरा होतो, सिंक्लेअरचं नाव येतं. तक्रार काहीच नाही! पण ४८ केचं यंत्र वरच्या स्मृतीतला एक बिट बिघडल्यामुळे १६ केचं होऊन बसलेलं असू शकतं. मोठा गेम लोड होत नाही आणि माणूस कॅसेटला दोष देतो. हे ओळखायला बेसिक या भाषेतली एक ओळ पुरते. प्रिंट पीक २३७३२ अधिक २५६ गुणिले पीक २३७३३. उत्तर ६५५३५ आलं तर ४८ के पूर्ण आहे. ३२७६७ आलं तर वरचा भाग हिशेबात धरलेलाच नाही.

ही तपासणी वरवरची आहे, हेही ध्यानात ठेवायला हवं. ती एकाच आकड्यानं होते, त्यामुळे शून्यावर अडकलेले कितीतरी बिट तिच्यातून निसटतात. पक्कं बघायचं तर बेसिकमध्ये स्वतः चार ओळी लिहाव्यात. आधी क्लिअर ३२७६७ द्यायचं, म्हणजे यंत्राची स्वतःची कामाची जागा खालच्या स्मृतीत सरकते. मग ३२७६८ पासून ६५५३५ पर्यंतच्या प्रत्येक खणात पोकनं १७० टाकायचे आणि पीकनं परत वाचायचे. नंतर तेच ८५ टाकून. या दोन आकड्यांत मिळून आठही बिट एकदा शून्य आणि एकदा एक होतात. समजा, १७० टाकले आणि १६२ परत आले. फरक ८ चा. आठ ही ज्या बिटाची किंमत, त्या बिटाची आयसी दोषी. कारण वरच्या स्मृतीतल्या आठ आयसींपैकी प्रत्येकीकडे प्रत्येक बाइटचा एकेकच बिट असतो. कागदावरची वजाबाकी थेट बोर्डावरच्या एका आयसीकडे बोट दाखवते. मात्र आठही बिट एकदमच चुकत असतील, तर आठ आयसी एका दिवशी गेल्या असं मानू नये. त्यांना पत्ता पुरवणाऱ्या आयसीकडे वळावं.

वरच्या स्मृतीतली आयसी बदलताना आणखी एक मेख आहे. खर्च वाचवण्यासाठी सिंक्लेअरनं तिथे ६४ किलोबिटच्या अशा आयसी वापरल्या, ज्यांचा अर्धा भाग कारखान्यातच सदोष ठरला होता. चांगला अर्धा कोणता, हे बोर्डावरच्या एका जोडणीनं ठरतं. दुसऱ्या अर्ध्याची आयसी बसवली तर काम फुकट जातं. पूर्ण ६४ किलोबिटची ४१६४ घातली की तो प्रश्नच येत नाही.

काही दोष कोणत्याच भागाचे नसतात. स्पेक्ट्रमला विचारा, एक भागिले दोन बरोबर दशांश पाच का? तो शून्य छापतो, म्हणजे नाही म्हणतो. ही रॉममधल्या भागाकाराच्या रीतीतली चूक आहे आणि ती प्रत्येक यंत्रात सारखीच सापडते. इयान लोगन आणि फ्रँक ओ’हारा यांनी १९८३ साली स्पेक्ट्रमच्या संपूर्ण रॉमचा अर्थ लावून पुस्तक काढलं. पुढे २०१० मध्ये ख्रिस स्मिथ यांनी याच संगणकाच्या यूएलए या खास आयसीवर पुस्तक लिहिलं. एक माणूस थोडी चिकाटी धरून संपूर्ण संगणक समजून घेऊ शकतो, अशा शेवटच्या काही यंत्रांपैकी ही आहेत. शिकणाऱ्या मुलांच्या हाती ती द्यावीत असं मला वाटतं ते याचसाठी.

आता प्रोग्रॅम ज्यांवर साठवत त्या कॅसेट. आपण रेडिओवर बोलतो आहोत म्हणून सांगतो, नेदरलँड्समध्ये एनओएसच्या ‘हॉबीस्कूप’ कार्यक्रमात ऐंशीच्या दशकात संगणकाचे प्रोग्रॅम चक्क रेडिओवरून प्रक्षेपित होत. श्रोते ते कॅसेटवर टिपून घेत आणि आपल्या संगणकात भरत. कारण कॅसेटवरचा प्रोग्रॅम म्हणजे शेवटी ध्वनीच. स्पेक्ट्रममध्ये शून्याचा सूर साधारण २,००० हर्ट्झचा आणि एकाचा त्याच्या निम्म्याचा. टेपरेकॉर्डरचं हेड किंचित तिरकं झालं तर वरच्या पट्टीचे सूर आधी दबतात, शून्य हरवतात आणि पडद्यावर ‘आर टेप लोडिंग एरर’ उमटतं. हेडशेजारचा बारीक स्क्रू अगदी हळू फिरवत, आवाज सगळ्यात स्वच्छ आणि धारदार होईल तिथे थांबायचं. प्रत्येक कॅसेट वेगळ्या यंत्रावर भरलेली असू शकते, तेव्हा हे दर कॅसेटला करावं लागेल. त्याआधी हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसावं, पट्टा सैल झाला आहे का ते बघावं आणि डॉल्बी बंद करावं. कॅसेटवर पांढरी बुरशी दिसली तर ती वाजवूच नका. बुरशी हेडवर जाते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर.

ज्यांच्याकडे अमिगा ५००-प्लस, अमिगा २००० किंवा आर्किमिडीज आहे, त्यांच्यासाठी तातडीचं काम वेगळं. या यंत्रांत घड्याळासाठी किंवा जपून ठेवायच्या नोंदींसाठी चार्ज होणारी बॅटरी बोर्डावरच डाग देऊन बसवलेली आढळते. ती गळते, आणि तिच्यातला अल्कलीचा द्रव तांब्याच्या बारीक रेघा खाऊन टाकतो. यंत्र बंद असलं तरी हे चालूच राहतं. बॅटरी आजच कापून काढा. हिरवा थर पातळ व्हिनेगरनं पुसा, मग अल्कोहोलनं धुऊन पूर्ण कोरडं होऊ द्या. संगणक चालतो की नाही, ते नंतर बघता येईल.

शेवटी एक विनंती. तुमच्या घरी किंवा शाळेत असं यंत्र असेल, तर ते भंगारवाल्याकडे जाण्याआधी त्याच्यासोबतच्या कॅसेट वेगळ्या काढा आणि साध्या वेव्ह फाइलमध्ये उतरवून घ्या. स्मृतीच्या आयसी, कीबोर्डचे पडदे, कपॅसिटर हे सगळं आज थोड्या खटपटीनं मिळतं. आपल्या शाळेतल्या मुलांनी किंवा शिक्षकांनी लिहिलेला प्रोग्रॅम मात्र जगात त्या एकाच फितीवर असतो. म्हणून कॅसेट आधी, बॅटरी त्याच दिवशी, आणि प्लग सगळ्यात शेवटी.