सारखा फासा, सारखा न्याय?



आजचा विषय खेळाचा आहे. म्हणून तो हलका समजू नये. माणसे कोणत्या नियमाला न्याय म्हणतात, हे खेळात चटकन उघडे पडते.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत आणला. चार-पाच मंडळी टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एकेका वीराची भूमिका घेतो. एक जण सूत्रधार होऊन राक्षस, दरोडेखोर आणि बाकीचे सारे जग चालवतो. तलवार उगारली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. पडलेल्या दानात कौशल्याचा अंक मिळवायचा. बेरीज शत्रूच्या बचावाच्या अंकाला पोचली की घाव लागला. २०१४ च्या आवृत्तीत फाशावर नेमके वीस पडले, तर घाव लागतोच आणि इजेचे फासे दुप्पट टाकतात.

वाद आहे तो या दुप्पट घावाचा. एक पक्ष म्हणतो, फासा तोच, नियम तोच, वीराला आणि राक्षसाला सारखाच. मग अन्याय कुठे आला?

आपण हिशेब मांडू. एका वारात वीस पडण्याचा संभव शेकडा पाच. राक्षस एका लढाईपुरता येतो. त्याच्यावर तीन वार झाले, तर त्यात एकदा तरी वीस पडण्याचा संभव शेकडा सुमारे चौदा. वीर मात्र महिनोन्‌महिने लढतो. वीस वार झेलले की तोच संभव शेकडा चौसष्ट होतो. शंभर वार झेलले की नव्याण्णवाच्या वर जातो. वीरालाही दुप्पट घाव मिळतात, हे खरे. पण त्याने मिळते काय? आणखी दोन वारांनी मरणारा राक्षस आधी मरतो. उलट फिरला तर वर्षभर जोपासलेला वीर जातो. गायगॅक्स यांनी १९७९ च्या मार्गदर्शक ग्रंथात हेच बजावले होते: असा नियम दोन्हीकडे लावावा तर वीरांचे आयुष्य घटते, एकीकडे लावावा तर राक्षसांवर अन्याय होतो.

आम्हा कामगार चळवळीतल्या माणसांना हे गणित नवे नाही. यंत्राचा धोका क्षणाला सारखाच; पण यंत्रापाशी रोज आठ तास उभा राहणारा आणि महिन्यातून एकदा पाहणीला येणारा, यांच्या वाट्याला तो सारखा येत नाही.

मग सूत्रधाराने पडद्याआड दान बदलून वीराला वाचवावे काय? मला ते पटत नाही. मेहेरबानीने वाचवणारा उद्या मर्जीने मारूही शकतो. त्यापेक्षा नियम सुधारावा. २००० सालच्या आवृत्तीत वीस पडल्यावर फासा पुन्हा टाकावा लागे. दुसऱ्यांदाही घाव लागण्याइतकी बेरीज झाली तरच इजा वाढे. निम्मे वार लागत असतील, तर पाचाचे अडीच टक्के झाले. शिवाय अनाडी हाताला दुसरी बेरीज जमणे कठीण, म्हणून कसबालाही किंमत आली.

धोका अजिबात काढला तर खेळात राम उरणार नाही. पण तो किती असावा, हे खेळणाऱ्यांनी पहिल्या दानापूर्वी एकत्र बसून ठरवावे आणि दान सर्वांदेखत पडावे. न्याय फाशात नसतो. तो त्या बैठकीत असतो.