शेजारच्या खाटेवरचा माणूस



वसंतातल्या संध्याकाळी मनोरुग्णालयाचा विषय काढणे काहींना अप्रस्तुत वाटेल. 'याला ठाण्याला पाठवायला हवे', 'याला येरवड्याला न्यायला हवे', असे आपण थट्टेत सहज बोलून जातो आणि तेथेच तो विषय संपवतो. परंतु त्या भिंतीआड माणसे एकमेकांशी काय बोलतात, हा प्रश्न आपल्या मनात क्वचितच येतो. आज आम्ही त्याच प्रश्नाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो.

प्रथम स्वतःची एक कबुली देतो. आमचे एक चुलतबंधू काही महिने अशा एका रुग्णालयात होते. दर रविवारी आम्ही डबा घेऊन भेटीस जात असू. 'कसे आहे?' असे आम्ही विचारावे, 'बरे आहे' असे त्यांनी म्हणावे, आणि मग आम्ही पावसापाण्याच्या गोष्टी काढाव्या, असा क्रम ठरून गेला होता. एके दिवशी शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ फाटकापर्यंत आमच्याबरोबर चालत आले आणि म्हणाले, "साहेब, रागावू नका. तुम्ही आलात की ते बरे असल्याचे सोंग करतात. तुम्ही गेल्यावर फार थकतात. रात्री मी त्यांच्याशी बोलतो. माझ्याही कानांत आवाज येतात, म्हणून मला ते सांगतात." आम्ही निरुत्तर झालो. सख्ख्यासारख्या भावाचे दुःख आम्हांला एका परक्या रुग्णाकडून कळावे, यातच सारे आले.

असे का घडते? घरातील माणसाला खरे सांगण्यात रुग्णाला दोन भये असतात. आपल्या बोलण्याने ही माणसे घाबरतील, हे एक. आणि आपला मुक्काम लांबेल, हे दुसरे. शेजारच्या खाटेपाशी ही दोन्ही भये गळून पडतात. तेथे कोणी कोणास वेडा म्हणून हिणवू शकत नाही, कारण सारे एकाच पंगतीला बसलेले असतात.

या साध्या गोष्टीचा वैद्यकाने उपयोग करून घेतला, त्याची हकीकत मोठी बोधप्रद आहे. दुसऱ्या महायुद्धात लंडनजवळ मिल हिल येथे एका शाळेच्या इमारतीत रुग्णालय उघडले होते. छाती धडधडते, दम लागतो, पण हृदयात दोष सापडत नाही, असे शंभराच्या आसपास सैनिक तेथे डॉ. मॅक्सवेल जोन्स यांच्या देखरेखीखाली होते. मन आणि शरीर यांचा संबंध समजावा म्हणून डॉक्टरांनी त्यांच्यापुढे व्याख्याने सुरू केली. व्याख्यानांचे पुढे काय झाले? हळूहळू सैनिकच बोलू लागले. जुने रुग्ण नव्यांना आपला अनुभव सांगून धीर देऊ लागले, आणि व्याख्यानाची जागा चर्चेने घेतली. व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून हे सांगताना आम्हांला थोडा संकोच वाटतो, पण सत्य ते सत्य!

युद्धानंतर, 1947 साली, जोन्स यांनी बेलमाँट रुग्णालयात हाच प्रयोग वाढवला. रोज सकाळी रुग्ण, परिचारिका आणि डॉक्टर एकत्र बसत आणि कोणाचे कोठे बिनसले ते उघडपणे बोलत. या विभागाला 1959 मध्ये हेंडरसन रुग्णालय हे नाव मिळाले. 2008 साली ते बंद झाले, परंतु रुग्ण हाही रुग्णाचा वैद्य असू शकतो, हा त्याचा धडा मागे राहिला.

यावरून कोणी असे समजू नये की रुग्णालय म्हणजे सत्यवचनाचा आश्रमच. अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने 1955-56 मध्ये वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स रुग्णालयात निरीक्षण केले. रुग्ण आपल्या येण्याची काही सोयीची, केविलवाणी कहाणी सांगतात आणि ऐकणारे ती उघडपणे खोटी पाडत नाहीत, असे त्याने 1961 च्या आपल्या ग्रंथात नोंदवले आहे. आम्हांला यात लबाडी दिसत नाही. दुसऱ्याची लाज झाकावी, म्हणजे उद्या तो स्वतःच ती उघडी करण्याचे धैर्य करील, असा एक शहाणपणा त्यात आहे. कबुली ओरबाडून घेता येत नाही. औषधोपचाराची जागाही नुसत्या बोलण्याने भरून निघत नाही. आमच्या बंधूंना झोप लागू लागली ती गोळ्यांनीच. पण गोळी नियमित घ्यावी, हे त्यांना पटवले शेजाऱ्याने.

मग हा शेजारधर्म घरच्यांना शिकता येणारच नाही काय? येतो, त्याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. 1950 नंतरच्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकले आणि नातेवाइकांना रुग्णांबरोबर तेथेच राहावयास सांगितले. रुग्णाची सेवा करता करता ही माणसे शेजारच्या तंबूतल्यांशी बोलू लागली. आपल्याच घरावर हे संकट आलेले नाही, आणि यातून माणसे बरी होऊन परत जातात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. लाज कमी झाली, तशी रुग्णांना घरी परतण्याची वाट मोकळी झाली.

आता कायदाही त्यांच्या बाजूचा आहे. केवळ घरचे स्वीकारत नाहीत म्हणून कोणास रुग्णालयात ठेवून घेऊ नये, असे 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो. पण कायदा दार उघडील. ओसरीवर 'या, बसा' म्हणणारे माणूस तो कोठून आणणार?

आमच्या कबुलीचा दुसरा भाग येथे येतो. बंधू रुग्णालयात असताना आम्ही आळीत सांगितले होते की, ते इंदूरला गेले आहेत. ते परतले तेव्हा जो तो विचारी, "काय, इंदूरची हवा मानवली का?" आणि ज्या माणसाने महिनोन्‌महिने झगडून खरे बोलण्याची सवय लावून घेतली होती, त्याला आमच्या अब्रूसाठी रोज खोटे बोलावे लागले. एके दिवशी त्यांनी विचारले, "माझ्याशी खरे बोलणारा तिथेच राहिला, मी इथे कोणाशी बोलू?" त्या दिवशी आम्ही दोघे मिळून शेजारी गेलो आणि इंदूरची गोष्ट खोटी असल्याचे सांगितले. शेजारचे आजोबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "माझी बहीण अशीच होती. आम्ही कोणाला सांगितले नाही." त्या संध्याकाळी दोन घरांची कुलपे उघडली.

सभाजनहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी असे एखादे 'इंदूर' असेल. ते चव्हाट्यावर मांडा, असे आम्ही म्हणत नाही. ज्याचे दुःख, त्याची संमती आधी. पण जो परत येईल त्याला हवापाण्याचे प्रश्न न विचारता, त्याच्या शेजारी थोडा वेळ बसावे, आणि आपलेही एखादे खरे दुःख त्याला सांगावे, एवढे आपणांस करता येईल. एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.