हरण्याची विद्या



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काही वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडली असणार. वसंतातल्या व्याख्यानमालेत संतवाङ्मय यावे, इतिहास यावा, शेतीचे अर्थकारण यावे. तेथे मुलांच्या कार्टूनचे काय काम? यावर आमचे उत्तर असे की, हा कुस्तीचा तालुका आहे, आणि ज्या चित्रमालिकेविषयी आम्ही बोलणार आहोत ती मुळात कुस्तीच्या फडाचीच कथा आहे. तिचे नाव ‘ड्रॅगन बॉल’. पंचवीसेक वर्षांपूर्वी ती कार्टून नेटवर्क वाहिनीवर येऊ लागली आणि तेव्हा शाळेत असलेली मुले आज बाप झाली आहेत. तिच्यातली कोणती दंगल श्रेष्ठ, यावर ती अजूनही हमरीतुमरीवर येतात. हा वाद चार शहाण्या माणसांच्या सभेत एकदा नीट मांडावा, एवढाच आमचा हेतू आहे.

ज्यांना ही मालिका ठाऊक नाही त्यांच्यासाठी चार शब्द. आकिरा तोरियामा या जपानी चित्रकाराने १९८४ ते १९९५ या काळात एका साप्ताहिकात ही कथा चित्ररूपाने लिहिली. तिच्यावर हलत्या चित्रांची पहिली मालिका १९८६ ते १९८९ मध्ये झाली, तिचे १५३ भाग. मागोमाग ‘झेड’ ही दुसरी, १९९६ पर्यंत चाललेली, तिचे २९१ भाग. आणि पुढे २०१५ ते २०१८ मध्ये ‘सुपर’, तिचे १३१ भाग. तोरियामा २०२४ च्या मार्चमध्ये निवर्तले. कथेचा नायक सोन गोकू हा शेपूट असलेला, रानात वाढलेला, भोळा आणि अचाट बळाचा मुलगा. ‘पश्चिमेची यात्रा’ या जुन्या चिनी कादंबरीतल्या वानरराजाच्या नावाचा जपानी उच्चार म्हणजेच सोन गोकू. त्या वानरराजाचे आपल्या मारुतीशी नाते आहे की नाही, यावर विद्वानांत मतभेद आहेत. पण ज्या तालमीच्या देवळीत मारुती बसलेला असतो, त्या तालमीतल्या पोरांना शेपटीचा पैलवान परका वाटला नाही, यात नवल ते काय?

या कथेत एक जगज्जेत्यांची दंगल भरते. तिचे नियम आपल्या मातीतल्या माणसाला सहज समजतील असे. चौकोनी ओट्याबाहेर जमिनीला अंग लागले की हरला; पडून दहा मोजेपर्यंत उठला नाही तर हरला; ‘सोडतो’ म्हणाला तर हरला; हत्यार चालायचे नाही, आणि प्रतिस्पर्धी मेला तर मारणारा बाद. अशा आणि तिच्यासारख्या सात प्रमुख दंगली आम्ही विचारासाठी घेतल्या आहेत.

आता क्रम लावायचा तर माप हवे. मुले बळाचे माप लावतात. कोणाच्या ठोशाने डोंगर फुटला, कोणाच्या ठोशाने ग्रह फुटला, असा त्यांचा हिशेब. ते माप आम्हाला मान्य नाही. जत्रेच्या फडात सकाळी रेवड्यांवरची पोरांची कुस्ती लागते आणि सांजेला मोठ्या इनामाची. पण जाणकार प्रेक्षक घरी जाताना एखाद्या पोराच्या कुस्तीचीच गोष्ट सांगत जातो, हे आपण पाहिलेले आहे. म्हणून आम्ही तीन प्रश्न विचारतो. नियम शेवटपर्यंत टिकला का? हार खरी होती का? आणि हरणारा हरून काही शिकला का? तिसरा प्रश्न सर्वांत जड.

या मापाने सातवा, म्हणजे शेवटचा, क्रमांक पंचविसाव्या दंगलीचा. आरंभ उत्तम आहे. नायक परलोकातून एक दिवसाची सुट्टी घेऊन आला आहे, त्याचा मुलगा उतरला आहे, पुढच्या पिढीची पोरे आली आहेत. पण अर्ध्यावर निम्मे मल्ल दुसऱ्याच लढाईला निघून जातात, आणि शेवटची कुस्ती चक्क पैसे ठरवून सोडली जाते. आपल्याकडे याला नूरा कुस्ती म्हणतात. लेखकाने ती विनोदासाठी घातली आहे आणि विनोद साधलाही आहे. पण दंगल म्हणून ती तळालाच बसणार.

सहावा क्रमांक सेलच्या खेळांचा, आणि येथे तरुण श्रोते आमच्यावर रागावतील. सेल नावाचा एक कृत्रिम राक्षस स्वतः ओटा बांधतो आणि दूरचित्रवाणीवरून साऱ्या जगाला आव्हान देतो. गोकू लढतो, थांबतो, ‘सोडतो’ म्हणतो आणि आपल्या कोवळ्या मुलाला, गोहानला, पुढे करतो. बाप आपल्याहून मोठा मुलगा ओळखतो, हा प्रसंग कथा म्हणून फार उंच आहे, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. पण दंगल कोठे आहे? ओट्याबाहेर पडून हार-जीत ठरणे सेलला बेचव वाटते, म्हणून कुस्ती चालू असताना तो स्वतःच ओटा उडवून देतो. ज्या क्षणी ओटा गेला त्या क्षणी दंगल संपली. उरली ती मारामारी. मारामारीत मरण असते, हार नसते. या दोहोंतला फरक ज्याला कळला त्याला आजच्या व्याख्यानाचे सार कळले.

पाचवी अठ्ठाविसावी दंगल. हिच्यात नियमाचे पाप आहेच, कारण गोकूने जोड आपल्याला हवी तशी लागावी म्हणून चिठ्ठ्यांत जादूने फेरफार करविलेला असतो. तरी आम्ही तिला वर घेतली ती ऊब नावाच्या पोरासाठी. दूरच्या गरीब गावातला हा काळासावळा मुलगा इनामाच्या पैशाने गावाचे पोट भरेल म्हणून आला आहे. ओट्यावर त्याचे पाय लटपटतात. अशी पोरे आम्ही भोर-वेल्ह्याच्या आणि मावळच्या जत्रांत पाहिली आहेत. इनाम मिळाले तर खुराकाची सोय, नाही तर परत पायी. गोकू कुस्ती अर्धी टाकतो आणि त्या पोराला पट्ठा म्हणून बरोबर घेऊन जातो. निकाल लागला नाही, पण वस्तादाला शिष्य मिळाला.

चौथा क्रमांक ‘सुपर’मधल्या विश्वांच्या दंगलीला. आठ विश्वे, प्रत्येकाचे दहा मल्ल, अठ्ठेचाळीस मिनिटांची मुदत. आणि ज्या विश्वाचे सगळे मल्ल बाहेर पडतील ते विश्वच पुसून टाकायचे. इनामाचा आकडा असा फुगवला की कुस्ती मोठी होते असे नाही. पण येथे नियम परत आला आहे. मारायचे नाही, उडायचे नाही, खाली पडला तो गेला. आणि शेवट विलक्षण आहे. नायक बाहेर पडलेला असतो. शेवटी उभा राहतो सतरा क्रमांकाचा, एके काळचा खलनायक. त्याला वाटेल ते मागण्याची मुभा मिळते, आणि तो पुसलेली सगळी विश्वे परत मागतो. जिंकलेल्याने आपले इनाम हरलेल्यांना वाटून टाकावे, यापरता दिलदारपणा कोणता? एकच उणे आहे. हरलेले पुसलेच गेल्यामुळे हारेने त्यांना काय शिकवले, हे कधी कळत नाही.

तिसरी तेविसावी. अंतिम कुस्ती गोकू आणि पिकोलो यांची. पिकोलो जिंकला तर जगावर राक्षसाचे राज्य. पिकोलोच्या एका तडाख्याने सारे मैदान ओसाड होते, प्रेक्षक पळतात. पण एक माणूस पळत नाही, तो म्हणजे पंच. सामान्य माणूस आहे, अंगात काही बळ नाही. तरी शेवटचा निकाल देतो तो तोच. गोकू अखेरच्या ताकदीने पिकोलोला हद्दीबाहेर भिरकावतो आणि प्रथमच जगज्जेता होतो. मग हरलेल्या शत्रूला औषध देऊन उठवतो. कारण जोड मेली तर पुढे लढायचे कोणाशी? हाच पिकोलो पुढे गोकूच्या मुलाचा गुरू होतो.

दुसरी एकविसावी, सर्वांत पहिली आणि सर्वांत साधी. गोकू आणि क्रिलिन हे दोन पट्ठे वस्तादाकडे शिकून प्रथमच फडात उतरले आहेत. म्हाताऱ्या वस्तादाला, कासवऋषीला, एकच भय. ही पोरे पहिल्याच फडात जिंकली तर माजतील. म्हणून तो वेष पालटून, नाव बदलून स्वतःच उतरतो आणि अंतिम कुस्तीत आपल्याच शिष्याला हरवतो, तेही केसाएवढ्या फरकाने. वस्ताद एक डाव राखून ठेवतो, ही आपल्याकडची म्हण. लोक तिचा अर्थ कद्रूपणा असा करतात. या कथेने तिचा खरा अर्थ सांगितला. तो डाव शिष्याला पाडण्यासाठी नसतो. आपल्यावर कोणी आहे, हे त्याला कळावे म्हणून असतो. आणि इनामाचे पैसे कशात जातात? हरलेल्या गोकूच्या एका वेळच्या जेवणात. आमच्या तालुक्यातल्या आयांना याचे आश्चर्य वाटणार नाही.

पहिला क्रमांक आम्ही बाविसाव्या दंगलीला देतो. येथे प्रतिस्पर्धी तेनशिनहान हा एका कपटी गुरूचा शिष्य आहे. त्याला मारायलाच शिकवले आहे, आणि एका मल्लाचा पाय तो ओट्यावर जाणूनबुजून मोडतो. उपान्त्य कुस्तीत वेषांतर केलेला कासवऋषी त्याच्यासमोर येतो, त्याच्यातला माणूस पाहतो, आणि ‘आता फड तरुणांचा’ अशा भावाने स्वतःच ओटा सोडतो. अंतिम कुस्ती गोकूशी. कपटी गुरू दुसऱ्या शिष्याकडून गोकूला चोरून जखडवतो. तेनशिनहानला हे कळते आणि तो भर फडात गुरूची आज्ञा मोडतो: मला फुकटचा विजय नको. मग तोही ओटा उडवून देतो. परंतु पाहा, सेलने ओटा फोडला तो नियम मोडण्यासाठी, येथे ओटा गेला तरी नियम उभा आहे. दोघे आकाशातून पडतात, ज्याचे अंग जमिनीला आधी लागेल तो हरला. पडता पडता गोकू एका मोटारीवर आदळतो आणि निमिषभर आधी खाली येतो. नायक हरला, दुसऱ्यांदा हरला, निव्वळ दैवाने हरला. आणि कोणी कुरकुर केली नाही. जिंकणाराही म्हणतो की नशिबाने जिंकलो. जो आला होता मारायला तो मित्र होऊन परतला. आमच्या तिन्ही प्रश्नांचे इतके स्वच्छ उत्तर दुसऱ्या कोणत्याही दंगलीत नाही.

आपल्या परंपरेत याची तुलना कशाशी करावी? महाभारतात द्रोणाचार्यांनी शिष्यांसाठी रंगभूमी मांडली. तेथे कर्ण आला, आणि त्याला कुळ विचारले गेले. बळाची परीक्षा व्हायच्या आधीच त्याचा अपमान झाला, आणि ती न झालेली कुस्ती शेवटी कुरुक्षेत्रावर लढली गेली. फडात ज्याला खरी हार मिळू दिली नाही, तो फडाबाहेर सूड उगवतो. जपानी कथाकाराच्या ओट्यावर मात्र शेपूटवाला येतो, राक्षसाचा मुलगा येतो, मुलीही येतात. कोणी कुळ विचारीत नाही.

हे सारे कार्टूनपुरते असते तर आम्ही आपला वेळ घेतला नसता. महाराष्ट्र केसरीची स्पर्धा १९६१ पासून भरते आहे. ज्या मामासाहेब मोहोळांनी महाराष्ट्रातल्या कुस्तीला संघटनेचे रूप दिले, ते याच तालुक्याचे. २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला मुळशीच्या पृथ्वीराज मोहोळने गदा मिळवली, तेव्हा गावोगाव गुलाल उधळला. त्याच स्पर्धेत निकालावरून वाद पेटला, प्रकरण पंचाच्या अंगावर जाण्यापर्यंत गेले आणि दोन मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली. निकाल बरोबर की चूक, हे ठरवणे आमचे काम नव्हे. पंचही चुकतो, आणि त्यावर दाद मागण्याची रीत हवीच. पण पंचच उरला नाही तर उरते ते सेलचे मैदान.

खाशाबा जाधव आठवा. १९४८ मध्ये लंडनला सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला गेले. त्यांच्या गटात सुवर्णपदक जपानच्या शोहाची इशी यांना मिळाले, खाशाबांना कांस्य. विश्रांती न देता त्यांना पुढच्या कुस्तीला उभे केले, असे सांगतात. त्यांनी त्याचा डंका पिटला नाही. गावी परतले तेव्हा शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पहिला नंबर हुकलेल्या माणसाची ती मिरवणूक होती.

आणि हरणे काय असते, हे मुळशीला आम्ही शिकवावे काय? १९२१ ते १९२४ या वर्षांत येथल्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांबरोबर धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. धरण झाले, गावे बुडाली. त्या हारेचे नाव शंभर वर्षांनंतरही आपण मानाने घेतो. आज याच तालुक्यात हिंजवडीच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत, जमिनींचे सोने झाले आणि काही घरांत त्या सोन्याची माती झाली. अंगात रग आहे आणि ओटा नाही, अशा तरुणाचे काय होते, हे २०१८ च्या ‘मुळशी पॅटर्न’ या चित्रपटाने साऱ्या महाराष्ट्राला दाखवले. ताकद वाईट नसते. तिला हद्द आखून देणारा फड, पंच आणि वस्ताद लागतो.

म्हणून पालकांना आमची एकच विनंती. मुलगा ही मालिका पाहत बसला तर टीव्ही बंद करू नका. शेजारी बसा आणि विचारा, ‘बाळ, यात हरला कोण, आणि हरल्यावर त्याने काय केले?’ उत्तर त्याला देता आले तर त्याला तालमीत धाडा. देता आले नाही, तर आधी धाडा.