कासवाच्या पिल्लाचं घर

एका ताईंनी विचारलंय, मुलानं हट्टानं लाल कानाच्या कासवाचं पिल्लू आणलंय, दहाच्या नाण्यापेक्षा जरासं मोठं. ते ठेवायचं कशात?

आधी आमचीच चूक सांगते. आमचं पहिलं पिल्लू दुकानातूनच मिळालेल्या प्लॅस्टिकच्या वाडग्यात होतं, मध्ये खोटं नारळाचं झाड. "एवढंच राहतं," असं दुकानदार म्हणाला होता. चार महिन्यांत त्याची पाठ भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी मऊ पडली, डोळे सुजून मिटले, खाणं सुटलं. ते गेलं तेव्हा मुलगा सात वर्षांचा होता. "आई, आपण त्याला काय केलं?" म्हणाला. नंतर जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, काय नाही केलं ते.

हे कासव अमेरिकेतलं. मादी दहा-अकरा इंचांपर्यंत वाढते आणि वीस-तीस वर्षं जगते. म्हणून सुरुवातीलाच अडीच-तीन फुटांची काचेची टाकी घ्या. पाणी निदान त्याच्या पाठीच्या लांबीइतकं खोल हवं. उथळ पाण्यात उलटलं तर त्याला सरळ होता येत नाही. नळाचं पाणी रात्रभर बादलीत ठेवून मग घाला, म्हणजे क्लोरीन उडतो. तळाशी बारीक खडे नकोत, गिळतं ते.

पण सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे कोरडी जागा. फरशीचा तुकडा तिरपा टेकवा, पूर्ण बाहेर येऊन अंग वाळवता आलं पाहिजे. आणि ऊन! आम्ही वाडगा खिडकीच्या बंद काचेमागे ठेवायचो आणि ऊन मिळतंय म्हणून खूश. पाठ टणक करणारे किरण काचेतून येतच नाहीत. एकतर त्यासाठी मिळणारा यूव्हीबी दिवा लावा, नाहीतर सकाळी पंधरा-वीस मिनिटं टबात घालून गच्चीत न्या. अर्धा टब सावलीत ठेवा, आणि तिथंच बसा. कावळा टपलेलाच असतो. थंडीत पाणी २५ अंशांखाली जाऊ देऊ नका.

नुसती सुकी कोळंबी घालू नका, डोळे त्यानंच सुजतात. कासवाचे दाणे द्या, पाण्यात समुद्रफेसाचा तुकडा टाका. पालक मात्र नको.

घरात तान्हं मूल असेल तर हे पिल्लू आणूच नये, असं माझं मत. कासवाच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असतात. अमेरिकेत तर १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी आहे. हात साबणानं धुवा, टाकी स्वयंपाकघराच्या मोरीत धुऊ नका.

कंटाळा आला म्हणून देवळाच्या तळ्यात सोडायचं नाही. आपल्या कासवांची जागा आणि अन्न ते बळकावतं. आणि आपल्या नदीतलं कासव सापडलं तर ते घरी ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, वनखात्याला कळवा.

पुढे शेजारीण गाव सोडताना तिचं पिल्लू आम्हाला देऊन गेली. ते आता जेवणाच्या ताटलीएवढं झालंय. मुलगा होस्टेलवर आहे, पाणी मीच बदलते. फोनवर तो आधी तिचीच चौकशी करतो, मग माझी.