इंजिन बांधण्यापूर्वी मोजा
(पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्यापैकी अनेकांच्या घरची चूल टॅक्सी, टेंपो किंवा ट्रक यांच्या कमाईवर पेटते. काहींची स्वतःची गॅरेजेस आहेत. जुनी फियाट, अँबॅसडर किंवा जीप घेऊन ती हौसेने उभी करणारे तरुणही आता बरेच दिसतात. या सर्वांपुढे एक प्रश्न केव्हा ना केव्हा येतोच. इंजिन थकले आहे, ते पुन्हा बांधावे काय? आणि बांधले तर ते टिकेल कशावरून? या कामात घरातील कित्येक महिन्यांची शिल्लक एका दिवसात बाहेर पडते. म्हणून या प्रश्नाचा आज थोडा तपशिलात विचार करू.

प्रथम ‘भरवशाची गाडी’ म्हणजे काय ते पाहू. मुंबईच्या रस्त्यांवरची प्रीमियर पद्मिनी आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. १९६४ साली कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून ती फियाट ११०० डिलाइट या नावाने बाहेर पडू लागली. पद्मिनी हे नाव तिला सत्तरीच्या दशकात मिळाले. २००० सालाच्या सुमारास तिचे उत्पादन थांबले, तरी टॅक्सी म्हणून ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत मुंबईत धावत होती. ती कधी बिघडत नव्हती म्हणून टिकली काय? मुळीच नाही. तिचे पाणी तापे, क्लच जाई, रिंगा झिजत. पण तिचा प्रत्येक भाग उघडता येत होता, मोजता येत होता आणि पुन्हा मापात आणता येत होता. सुटे भाग कुर्ल्याच्या सी. एस. टी. रोडवर मिळत आणि काम जाणणारे उस्ताद गल्लोगल्ली होते. तेव्हा भरवसा हा केवळ कंपनीच्या नावात नसतो. झिजलेले यंत्र पुन्हा योग्य मापावर आणणाऱ्या माणसांतही तो असतो.

आता झीज म्हणजे किती, ते पाहा. पद्मिनीच्या सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. विद्यार्थी मित्रांनो, वृत्तचितीचे घनफळ काढण्याचे सूत्र तुम्हांला येते. ते येथे लावा, चार सिलिंडरांनी गुणा, म्हणजे १०८९ घन सेंटिमीटर हे उत्तर येईल. कंपनीच्या पुस्तकात छापलेला आकडा तोच आहे. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर पिस्टन सेकंदाला पन्नास वेळा खाली जाऊन वर येतो. म्हणजे त्याचा सरासरी वेग सेकंदाला साडेसात मीटर होतो. एवढ्या वेगाने लोखंडावर घासणाऱ्या भागांमध्ये तेलाचा केवळ एक पातळ पापुद्रा असतो. तेल कमी पडले, त्यात धूळ मिसळली किंवा इंजिन तापून पापुद्रा तुटला, की झीज झपाट्याने वाढते. गॅरेजमध्ये ज्याला ‘थाऊ’ म्हणतात तो इंचाचा हजारावा भाग, म्हणजे ०.०२५४ मिलिमीटर. डोळ्यांना तो दिसत नाही, बोटाला जेमतेम जाणवतो. परंतु इंजिनाच्या दृष्टीने चार-पाच थाऊंचा फरक फार मोठा असतो.

म्हणून माझे पहिले सांगणे असे, की धूर दिसला म्हणून लगेच इंजिन खोलू नका. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल जाळते आहे. काळा धूर म्हणजे इंधन जास्त जाते आहे आणि दोष बहुधा कार्बोरेटरमध्ये किंवा तुंबलेल्या एअर फिल्टरमध्ये आहे. गरम झालेल्या इंजिनातून सतत पांढरा धूर येत असेल तर पाणी आत शिरत असावे, हेड गॅसकेट तपासावे. निळ्या धुराचेही दोन प्रकार आहेत. सकाळी चालू करताना किंवा घाट उतरून पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दाबताना तेवढ्यापुरता धूर निघून थांबत असेल, तर व्हॉल्व्हचे ऑइल सील गेले असण्याचा संभव अधिक. ते काम थोडक्यात होते.

यानंतर कॉम्प्रेशन गेज लावावा. इंजिन गरम असावे, सगळे प्लग काढलेले असावेत आणि चारही सिलिंडरांचे आकडे कागदावर लिहावेत. एखादा आकडा कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा पाहावे. आकडा चढला तर दोष रिंगांचा किंवा बोअरचा. चढला नाही तर व्हॉल्व्हचा किंवा गॅसकेटचा, आणि त्यासाठी केवळ हेड उतरवून भागेल. अर्ध्या तासाच्या या तपासणीने संपूर्ण इंजिनाचा खर्च वाचू शकतो.

इंजिन खोलावेच लागले, तर दुसरी परीक्षा सुरू होते. सिलिंडर सर्वत्र सारखा झिजत नाही. वरच्या रिंगेची धाव जेथे संपते तेथे झीज सर्वांत जास्त, खाली कमी. शिवाय पिस्टन एका बाजूला रेटला जात असल्याने गोल बोअर किंचित लंबगोल होतो. म्हणून प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, आणि प्रत्येक ठिकाणी आडवा व उभा, असा सहा वेळा मोजला पाहिजे. क्रँकचे जर्नलही मायक्रोमीटरने असेच मोजावेत. झीज मर्यादेबाहेर असेल तर बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन घालावेत. लंबगोल झालेल्या बोअरमध्ये नुसत्या नव्या रिंगा टाकल्या तर पैसे वाचल्यासारखे वाटते, पण काही महिन्यांत धूर परत येतो. बोअर करण्याची मर्यादाही संपली असेल तर स्लीव्ह घालण्याचा मार्ग असतो. पिस्टन आधी हातात घ्यावेत आणि त्यांच्या मापाप्रमाणे बोअर करून घ्यावा, उलट क्रमाने नव्हे.

जुळणीच्या वेळी तीन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली स्वच्छता. बोअर करून आलेला ब्लॉक साबणाच्या पाण्याने घासून धुवावा, तेलाच्या वाटा हवेने साफ कराव्यात आणि लगेच तेलाचा हात फिरवावा. होनिंगची बारीक पूड आत राहिली तर ती नव्या रिंगा आणि नवी बेअरिंगे दोन्ही खाऊन टाकते. दुसरी गोष्ट अंतर. नवी रिंग बोअरमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांमधील फट फिलर गेजने पाहावी. फट फार कमी असेल तर तापल्यावर टोके एकमेकांना भिडतात आणि रिंग तुटते. तिसरी गोष्ट कस. हेडचे बोल्ट मधून बाहेर अशा क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचने आवळावेत. हाताच्या अंदाजाने आवळलेले हेड वाकू शकते.

पूर्वी नव्या किंवा बांधलेल्या गाडीच्या मागे ‘रनिंग इन’ अशी पाटी लावीत. ती पाटी उगीच नव्हती. सुरुवातीचे काही शे किलोमीटर एकाच वेगाने दामटू नये, जड ओझे घेऊ नये, आणि गाडी तासन्‌तास जागेवर नुसती चालूही ठेवू नये. त्यानंतर तेल व फिल्टर बदलावा.

जुन्या बाजारातून तयार इंजिन आणून बसवणे काहींना स्वस्त वाटते. मित्रांनो, इंजिन नंबर आर. सी. बुकात नोंदलेला असतो. पावती नसलेले इंजिन घेऊ नका आणि बदलाची नोंद आर. टी. ओ. कडे केल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नका. चोरीचा माल निघाला तर गाडीही जाते आणि अब्रूही.

आता मुख्य मुद्दा. इंजिनाचे काम आजही बऱ्याच ठिकाणी तोंडी चालते. उस्तादांचा कान तयार असतो; नुसत्या आवाजावरून ते बिग एंड वाजतो की टॅपेट वाजतो हे सांगतात. या विद्येचा मला मनापासून आदर आहे. पण बांधलेले इंजिन चार महिन्यांत बसले, तर मालक म्हणतो काम वाईट झाले आणि उस्ताद म्हणतात गाडी वाईट चालवली. पुरावा कोणाकडेच नसतो. वर्षांचा शेजार तुटतो. यावर उपाय एका कागदाचा आहे. कामापूर्वीची मापे, कामानंतरची मापे, घातलेल्या पिस्टन व बेअरिंगांचे माप, तारीख आणि किलोमीटर. पालकांनो, बिलाबरोबर हा कागद मागा. मागण्यात अविश्वास नाही, त्यात दोघांचेही संरक्षण आहे. गॅरेजवाल्या बांधवांनो, न मागताही तो द्या. गिऱ्हाईक तुमच्याकडेच परत येईल.

विद्यार्थी मित्रांनो, हा कागद लिहिण्यासाठी दशांश अपूर्णांक यावे लागतात, मायक्रोमीटर वाचता यावा लागतो आणि कंपनीचे पुस्तक समजावे लागते. ज्याला या कामाची आवड आहे त्याने दहावी पूर्ण करून आय. टी. आय. चा मेकॅनिक मोटर व्हेईकल हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पाहावा आणि सुटीत एखाद्या चांगल्या उस्तादांकडे पाना धरावा. २०२० पासून नव्या गाड्यांना भारत स्टेज सहाचे नियम लागू आहेत. त्यांच्या इंजिनांवर अनेक सेन्सर असतात आणि दोषाचा क्रमांक यंत्रावर वाचावा लागतो. पण तो क्रमांक वाचल्यावरही कॉम्प्रेशन मोजावेच लागते.

तेव्हा आज घरी गेल्यावर एवढे करा. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी एक वही घ्यावी. पहिल्या पानावर आजचे किलोमीटर आणि तेल बदलल्याची तारीख लिहावी. पुढे पाणी किती लागले, तेल किती घालावे लागले याची नोंद ठेवावी. घरातील शाळकरी मुलाने किंवा मुलीने ही वही सांभाळावी. पुढे कधी इंजिन खोलण्याची वेळ आलीच, तर उस्तादांच्या हातात प्रथम ही वही द्यावी.